ताल सर्वांचा, पंगत कोणाची?

लग्नसराईतील वरात असो वा अनंत चतुर्दशीची मिरवणूक, महाराष्ट्रातील कोणत्याही गावात एक दृश्य हमखास दिसते. तरुण मुले बेभान होऊन नाचत असतात, मधल्या पिढीतील मंडळी कडेने टाळ्या वाजवीत असतात आणि घरातील वडीलधारे कपाळाला आठ्या घालून, 'आमच्या वेळी असे नव्हते', असे पुटपुटत असतात. एवढ्यात बँडवाला सूर बदलतो आणि 1951 सालच्या 'अलबेला' चित्रपटातील एखादी धून वाजू लागते. मग आजोबांच्या कपाळावरील आठ्या विरतात, हात नकळत कमरेपाशी येतात आणि पाय जागच्या जागी हलू लागतात. नातवंडे आजोबांना रिंगणात ओढतात. तीन पिढ्या एका तालावर नाचू लागतात. काही क्षणांपूर्वीचा 'हल्लीच्या पिढीचा ऱ्हास' कोठल्या कोठे जातो.

या दृश्यात एक गमतीची गोष्ट आहे आणि एक गंभीर. गमतीची गोष्ट अशी की ज्या गाण्यावर आजोबांचे पाय थिरकतात, त्या गाण्याने आजोबांच्या वडिलांच्या कपाळावर नेमक्या याच आठ्या उमटविल्या होत्या. गंभीर गोष्ट अशी की या आनंदसोहळ्यात घाम गाळून वाजविणारा, घरोघरीच्या पिढ्यांना एकत्र आणणारा तो बँडवाला सोहळा संपल्यावर कोठे जातो, कोणत्या पंगतीला बसतो, याकडे कोणाचेच लक्ष नसते. पहिल्या गोष्टीची चर्चा प्रत्येक घरात होते. दुसरीची होत नाही. ती व्हावयास हवी.

आधी पहिल्या गोष्टीविषयी. 'अलबेला' पडद्यावर आला तेव्हा त्याचा नायक, निर्माता आणि दिग्दर्शक होते भगवान आभाजी पालव, म्हणजेच मास्टर भगवान. वडील गिरणी कामगार. स्वतः भगवानदादांनीही तरुणपणी अंगमेहनतीची कामे केली. नृत्याचे कोणतेही शास्त्रशुद्ध शिक्षण त्यांना मिळाले नव्हते. गिरणगावातील सर्वसामान्य माणूस आनंदाच्या भरात जसा नाचेल, तसे ते नाचले. म्हणूनच ते नृत्य प्रत्येकाला आपले वाटले. चित्रपटाला संगीत दिले होते पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र नरहर चितळकरांनी. सी. रामचंद्र या नावाने सारा देश त्यांना ओळखतो. त्यांच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, बोंगो अशी पाश्चात्त्य वाद्ये होती आणि ती वाजविणाऱ्यांत गोव्यातून मुंबईत आलेले कसबी कलावंत होते. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोमंतकीय ट्रम्पेटवादक त्या चित्रपटाच्या संगीतात सी. रामचंद्रांच्या साह्याला होते. गिरणगावचा मराठी कामगारपुत्र, नगर जिल्ह्यातील संगीतकार आणि गोव्याच्या चर्चमधील संगीतशाळांच्या परंपरेतून आलेले वादक अशा त्रिवेणी संगमातून ते गाणे जन्मले आणि देशभर घुमले.

त्या काळातील सुसंस्कृत समाजाला हे सारे उथळ आणि परक्या वळणाचे वाटले. ही नाराजी केवळ घरातील कुरकुरीपुरती राहिली नाही, तर तिला शासकीय धोरणाचे रूप आले. 1952 साली केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री म्हणून बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी सूत्रे हाती घेतली. केसकर मराठी, व्युत्पन्न आणि शास्त्रीय संगीताचे निस्सीम भक्त. चित्रपटसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. परिणाम काय झाला? देशातील श्रोत्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळविला. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि आठवड्यातील तो एक तास घराघरांत जणू व्रताप्रमाणे पाळला जाऊ लागला. आपल्याच देशातील गाणी ऐकण्यासाठी देशवासीयांना परदेशी केंद्राचा आश्रय घ्यावा लागला. अखेर 1957 मध्ये 'विविध भारती' सुरू करून शासनाला आपल्या धोरणाला मुरड घालावी लागली.

तथापि केसकरांना केवळ उपहासाचे धनी करणे अन्यायाचे ठरेल. आकाशवाणीवरील संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि आकाशवाणी संगीत संमेलन हे उपक्रम त्यांच्याच काळात सुरू झाले. संस्थानिकांचा आश्रय संपल्यामुळे निराधार झालेल्या कित्येक गवयांना नभोवाणीने आधार दिला. खेड्यातील ज्या मुलाला मैफलीची पायरी चढणे शक्य नव्हते, त्याच्या कानांवर थोर गायकांचे स्वर पडले. केसकरांच्या कार्यातील जे विधायक होते ते टिकले, जे निषेधात्मक होते ते पाच वर्षांतच कोसळले. संस्कृतिरक्षणाची तळमळ बाळगणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावा, असा हा धडा आहे. अभिरुची शिक्षेने घडत नाही, ती सहवासाने घडते.

या कथेचा उत्तरार्ध तर अधिकच बोलका आहे. चीनच्या आक्रमणाने देश घायाळ झालेला असताना, 27 जानेवारी 1963 रोजी दिल्लीत लता मंगेशकरांनी कवी प्रदीप यांचे हुतात्म्यांना अभिवादन करणारे गीत गायिले आणि सारा देश हेलावला. त्या गीताचे संगीतकार होते सी. रामचंद्र. ज्यांच्या चालींना उथळ म्हणून नावे ठेवली गेली, त्याच प्रतिभेतून राष्ट्राच्या अश्रूंना स्वर मिळाला. लोकांना नाचविणारी आणि लोकांना गंभीर करणारी प्रतिभा एकाच अंतःकरणात नांदू शकते. म्हणून एखाद्या तालावर तरुण पिढी नाचते एवढ्यावरून तिच्या देशभक्तीविषयी, चारित्र्याविषयी वा संस्कारांविषयी निष्कर्ष काढण्याची घाई कोणी करू नये.

आणखी मागे गेले तरी हेच चित्र दिसते. ज्या नाट्यसंगीताला आज मराठी माणसाच्या अभिजाततेचे लेणे मानले जाते, ते एके काळी नवे खूळच होते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' 1880 साली आणि 'सौभद्र' 1882 साली रंगभूमीवर आले. कुलीन घरातील मुलाने नाटकात जाणे ही त्या काळी घराण्याची बेअब्रू होती. पुढे बालगंधर्वांची पदे दिंडी दरवाज्यापासून माजघरापर्यंत पोचली, त्यांच्या शालूची आणि केशरचनेची नक्कल घरंदाज स्त्रियांनी केली. हार्मोनियम हे तर मूळचे युरोपीय वाद्य. 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीने त्याला दारातही उभे केले नाही. परंतु गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या बोटांनी त्याला केव्हाच मराठी करून टाकले होते. आज भजनी मंडळात पेटी नसेल तर भजनाला रंग चढत नाही. परकीय काय आणि स्वकीय काय, हे वाद्याच्या जन्मस्थानावरून ठरत नाही, तर त्यातून कोणाचे मन व्यक्त होते, यावरून ठरते.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या घोषाचे उदाहरण कार्यकर्त्यांना नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. 1927 च्या सुमारास घोष सुरू झाला तेव्हा वाद्ये इंग्रजी लष्करी बँडची होती आणि रचनाही त्याच वळणाच्या होत्या. 'हे परकीय आहे', असे म्हणून कोणी बिगुल फेकून दिला नाही. बिगुल 'शंख' झाला, साइड ड्रम 'आनक' झाला, मोठा ढोल 'पणव' झाला आणि भारतीय रागांवर आधारित रचना त्या वाद्यांतून निनादू लागल्या. बाहेरचे घेताना आपला सूर सोडावयाचा नाही आणि आपला सूर राखताना बाहेरच्याचा तिटकारा करावयाचा नाही, हा तो मार्ग आहे. ज्यांच्या डोळ्यांसमोर हा वस्तुपाठ आहे, त्यांनी नव्या पिढीच्या संगीताकडे केवळ भयाने पाहण्याचे कारण नाही.

येथपर्यंत पिढ्यांचा प्रश्न झाला आणि त्याला काळ हेच उत्तर आहे. आजचे खूळ उद्याची परंपरा होते किंवा विस्मृतीत जाते. परंतु समाजातील भेदांचा प्रश्न असा आपोआप सुटत नाही. किंबहुना ताल आणि गाणे यांनी जे भेद ओलांडले, तेच भेद समाजाने पुन्हा काळजीपूर्वक उभे केले, असे आपला इतिहास सांगतो.

पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहिरांची नामावळी पाहावी. सोलापूरचे रामजोशी वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण घराण्यातील. होनाजी जातीने गवळी आणि त्यांचे जिवलग जोडीदार बाळा करंजकर शिंपी. सगनभाऊ मुसलमान. प्रभाकर ब्राह्मण. डफ-तुणतुण्याच्या फडावर जातीची उतरंड मोडून पडली होती. श्रोते पालखीतून येणारे सरदारही होते आणि मशालजीही. पण फडाबाहेर काय होते? तमाशाच्या नादी लागलेल्या रामजोशांना घराचे दार बंद झाले. पुढे त्यांनी कीर्तनकार म्हणूनही नाव कमावले. आज त्यांच्या रचना विद्यापीठातील अभ्यासक्रमात आहेत.

शंभर वर्षांनंतरही परिस्थिती पालटली नव्हती. सांगली जिल्ह्यातील रेठरे हरणाक्ष गावचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे कुलकर्णीपण सोडून पठ्ठे बापूराव झाले. महार समाजातील पवळा हिच्यासह त्यांनी उभा केलेला फड महाराष्ट्राने डोक्यावर घेतला. अफाट लावण्या त्यांनी रचल्या. ब्राह्मणाने जातीबाहेर संसार मांडला म्हणून समाजाने नाक मुरडले आणि रात्री त्याच समाजातील लोकांनी तिकिटासाठी रांगा लावल्या. 1945 साली बापूराव पुण्यात विपन्नावस्थेत निवर्तले. त्यांच्या गाण्यावर ज्यांनी शिट्ट्या मारल्या, फेटे उडविले, त्यांच्यातील किती जण त्या अखेरच्या दिवसांत त्यांच्या दारी गेले असतील?

हे केवळ गतकाळाचे शल्य नव्हे. 2002 सालच्या पहिल्या दोन महिन्यांत महाराष्ट्राने दोन कलावंत गमावले. जानेवारीत नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर गेल्या. तमाशाच्या या सम्राज्ञीने उभे आयुष्य कनातीत घालविले, राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळविला आणि अखेरचा काळ आर्थिक विवंचनेत काढला. फेब्रुवारीत भगवानदादा गेले. 'अलबेला'च्या यशाने बंगला आणि मोटारी मिळविलेल्या या माणसाला शेवटी दादरच्या चाळीतील खोलीत राहावे लागले. गणपतीची मिरवणूक त्या चाळीसमोर आली की थांबत असे आणि पोरे दादांच्याच शैलीत नाचून त्यांना मानवंदना देत असत, असे सांगितले जाते. ही मानवंदना निर्मळ होती, यात शंका नाही. परंतु समाज म्हणून आपण कलावंताला टाळ्या देतो, आधार देत नाही, हेही तितकेच खरे आहे. आज राज्य शासन विठाबाईंच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देते. मृत्यूनंतर नाव मोठे करण्याची आपली जुनी रीत आहे, ती निदान येथे तरी काही जिवंत कलावंतांच्या उपयोगी पडते.

याहूनही अधिक अंतर्मुख करणारे उदाहरण पंढरीच्या वाटेवरचे आहे. महाराष्ट्रात नाचाला पाप मानण्याची परंपरा कधीच नव्हती. संत नामदेवांनी कीर्तनात नाचणे आणि जगात ज्ञानाचा दिवा लावणे या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या. पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडे रचताना जोशी, गोंधळी, वाघ्या, मुरळी, महार अशा समाजातील सर्व थरांच्या मुखांतून अध्यात्म वदविले. ब्राह्मण संताने गावगाड्यातील प्रत्येकाचा वेश, बोली आणि ठेका आपला मानला. वारीत पावली, फुगडी, रिंगण यांत नाचताना कोणी कोणाची जात विचारीत नाही. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. हे सारे अभिमानाने सांगितले जाते आणि ते सांगावेच. पण त्याच वेळी हेही स्मरणात असावे, की ज्या पंढरीला सर्वांनी मिळून नाचत जावयाचे, त्या पंढरीच्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी 1947 पर्यंत उघडले नव्हते. ते उघडण्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. शतकानुशतके वाट एक होती, ताल एक होता, अभंग एक होते, आणि पायरीपाशी माणसे वेगळी होत होती. ताल माणसांना एकत्र आणतो, पण दार उघडण्याचे काम तालाने होत नाही. ते माणसांनाच करावे लागते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ध्वनिफितींनी आणखी एक दार किलकिले केले. प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज आठवावा. एकाच गळ्यातून विठ्ठलाची, गणरायाची गीते आणि बाबासाहेबांची गीते उमटली. गणेशोत्सवातील असा मंडप विरळा, की जेथे त्यांचा आवाज घुमला नाही. 2004 साली ते गेले. त्याच वर्षी महाकवी वामनदादा कर्डक गेले. वस्त्यावस्त्यांत फिरून गाण्यातून स्वाभिमान पेरणाऱ्या वामनदादांचे नाव मध्यमवर्गीय घरांतील किती जणांना ठाऊक आहे? प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते ज्यांनी आरतीपूर्वी लावली, त्यांनी त्यांची भीमगीते कधी ऐकली का? अर्धा गळा ऐकावयाचा आणि अर्धा ऐकावयाचा नाही, याला समरसता म्हणता येणार नाही.

2016 साली नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. अजय-अतुल यांनी त्याचे पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे संगीत हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित करून घेतले आणि त्यातील 'झिंगाट'ने उभ्या महाराष्ट्राला नाचविले. चित्रपटगृहांत प्रेक्षक खुर्च्या सोडून नाचले. वाड्यापासून वस्तीपर्यंत, शाळेच्या स्नेहसंमेलनापासून परदेशातील महाराष्ट्र मंडळापर्यंत त्या गाण्यावर न नाचलेला मराठी माणूस शोधून सापडणे कठीण. चित्रपटाविषयी मतभेद झाले, ते असू शकतात. पण त्याचा शेवट विसरता येण्याजोगा नाही. जात ओलांडून संसार मांडलेल्या दोन कोवळ्या जिवांची हत्या होते आणि लहानग्याची रक्तात माखलेली पावले तेवढी दिसतात. पूर्वार्धात नाचलेला समाज उत्तरार्धात सुन्न होऊन बाहेर पडला आणि दुसऱ्या दिवशी वरातीत पुन्हा पूर्वार्धच वाजवू लागला. महाराष्ट्रातील प्रत्येक जातीच्या वरातीत ते गाणे वाजते, परंतु वरात मात्र अजून जातीतूनच निघते. गाण्याने जे क्षणभर साधले, ते समाजाला घरात, सोयरिकीत, शेजारात साधावयाचे आहे.

आता ढोल-ताशा पथकांकडे वळावे. पुणे परिसरातील मुळशी, मावळच्या खेड्यांतील ढोल-लेझीम शहरी तरुणांच्या हाती यावे, यासाठी आप्पा पेंडसे यांच्या ज्ञान प्रबोधिनीने पुढाकार घेतला. आज राज्यभर शेकडो पथके आहेत. अभियंते, वैद्यकीय विद्यार्थी, गृहिणी, महाविद्यालयीन मुली कमरेला ढोल बांधून दोन-दोन महिने नदीकाठी सराव करतात. पांढऱ्या पोशाखातील, भगवे फेटे बांधलेल्या मुलींचे पथक पाहून अभिमान वाटावा, अशीच ही घटना आहे. शिस्त, संघभावना, वर्गभेदाचा विसर आणि व्यसनापासून दूर राहिलेली तरुणाई ही या चळवळीची कमाई आहे.

पण येथेही एक काटा आहे. हलगी, संबळ, सनई, डफ ही वाद्ये ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली, त्यांना त्या वाजवणुकीबद्दल गावगाड्याने काय दिले? लग्न कोणाचेही असो, हलगी वाजविण्याचे काम ठरावीक वस्तीकडेच असे. कसब त्यांचे, मान मात्र दुसऱ्याचा. म्हणूनच त्या समाजांतील अनेकांनी जागृतीच्या काळात ही वाद्ये निग्रहपूर्वक खाली ठेवली. ते कलेचे विस्मरण नव्हते, तो स्वाभिमानाचा हुंकार होता. एका घरात जे वाद्य हौस म्हणून उचलले जाते, तेच दुसऱ्या घरात दास्याची खूण म्हणून टाकून दिले जाते, ही आपल्या समाजाची वस्तुस्थिती आहे. छंद म्हणून ढोल उचलणाऱ्या तरुणाईने हा इतिहास जाणला पाहिजे. तो जाणला तरच तिच्या टिपऱ्यांच्या घावाला खरे वजन येईल.

तरुणाईचे सारेच योग्य, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. ध्वनिक्षेपकांच्या भिंती, मद्यपान, बीभत्स हावभाव आणि डोळ्यांना इजा करणारे किरणझोत यांचा उत्सवाशी, धर्माशी वा कलेशी कोणताही संबंध नाही. निवासी विभागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही ध्वनिमर्यादा 2000 सालच्या नियमांनी घातली आहे. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. वर्षातून मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याची त्यात सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये या नियमांवर शिक्कामोर्तब केले. मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये ध्वनिक्षेपक वापरणे हा कोणत्याही धर्माचा मूलभूत हक्क नाही, असे स्पष्ट केले. नियम सर्वांना सारखाच लागू आहे आणि शासनाने तो सर्वत्र सारखाच राबवावा, ही मागणी रास्त आहे. पण 'त्यांचा भोंगा आधी उतरवा, मग आमची भिंत उतरेल', हा युक्तिवाद श्रीगणेशाच्या भक्ताला शोभत नाही. ज्या भिंतीमुळे शेजारच्या घरातील आजारी वृद्धाचे काळीज धडधडते, ती भिंत कोणी उभारली यावरून तिची पीडा कमी-अधिक होत नाही. लोकमान्यांनी 1893 पासून ज्या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्यात मेळ्यांची पदे होती, पोवाडे होते, व्याख्याने होती. 2025 साली राज्य शासनाने त्याला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. दर्जा शासननिर्णयाने मिळतो, पण तो टिकतो मंडपातील वर्तनाने.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, घरात. नव्या गाण्यावर नाक मुरडण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी ते एकदा मुलांबरोबर बसून ऐकावे आणि मुलांना आपले एक ऐकवावे. जे गाणे आजी-नातवाला एकत्र बसून ऐकता येत नाही, ते आपोआप बाजूला पडेल. त्यासाठी बंदीहुकमाची गरज लागणार नाही. दुसरी गोष्ट, मंडळात. ध्वनिक्षेपकाच्या भिंतीवर होणाऱ्या खर्चातून एक शाहीर, एक सनईचौघडा, एक हलगीचा ताफा बोलवावा. त्यांना बिदागी घासाघीस न करता द्यावी आणि आरतीचा मान अध्यक्षांबरोबर त्यांनाही द्यावा. तिसरी गोष्ट, पथकात. ज्या वस्तीत हलगीचे आणि संबळाचे जाणकार वृद्ध अजून आहेत, त्यांच्याकडे पथकातील मुलांनी शिकावयास जावे, गुरू म्हणून त्यांच्या पायांवर डोके ठेवावे, त्यांच्या घरी भाकरी खावी आणि त्यांना आपल्या घरी जेवावयास बोलवावे. समरसता हा शब्द व्यासपीठावरून पुष्कळदा उच्चारला गेला आहे. तो अशा एका भाकरीने अधिक कळतो.

आणि चौथी गोष्ट, वरातीत. लग्नघरात शेकडो पाहुणे पंचपक्वान्नांची पंगत झोडत असताना मंडपाच्या मागील बाजूस बँडवाले, दिवे डोक्यावर धरणाऱ्या बाया, ढोल वाजवून हातांना घट्टे पडलेली पोरे ताटकळत उभी असतात. सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरलेसुरले त्यांच्यापुढे येते. हे कोणी दुष्टपणाने करीत नाही, केवळ सवयीने घडते. पण अस्पृश्यताही अनेक घरांत केवळ सवयीनेच टिकून राहिली होती. ज्यांच्या तालावर नवऱ्या मुलाचा बाप नाचला, मामा नाचला, आत्या नाचली, त्यांना पहिल्या पंगतीला बसवावयास कोणता कायदा आड येतो? यजमानाने स्वतः वाढावे, आग्रह करावा, एवढेच लागते.

गिरणी कामगाराच्या मुलाने दिलेला ठेका, गोमंतकीय वादकाने फुंकलेला सूर, पठ्ठे बापूरावांची रचना, विठाबाईंचे पदलालित्य आणि प्रल्हाद शिंदे यांचा आवाज या साऱ्यांनी महाराष्ट्राला एका तालावर नाचविले आहे. समाज एक होऊ शकतो, हे त्यांनी पुनःपुन्हा दाखवून दिले. नाचताना जुळलेले हात पंगतीत, देवळात आणि दारात सुटू न देणे, एवढेच आता इतरांच्या वाट्याचे काम उरले आहे. येत्या लग्नसराईत ज्या घरची वरात निघेल, त्या घराने त्याचा आरंभ आपल्या मंडपापासून करावा. वाद्ये खाली ठेवून वाजविणारे जेव्हा पाटावर बसतील, तेव्हाच ती वरात खऱ्या अर्थाने घरी पोचली, असे म्हणता येईल.